‘दुर्मिळ’ लिहिण्याआधी तिकीट उलटून पाहा

प्रति,
टपाल तिकिटांचे लिलाव करणारे, ऑनलाइन विकणारे आणि प्रदर्शनांत टेबल मांडून बसणारे सर्व विक्रेते यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्या याद्या मी आवडीने वाचतो. नवी यादी हाती आली की आधी ‘युद्धोत्तर युरोप’ आणि ‘पाकिस्तान’ हे दोन विभाग उघडतो. दर खेपेला तेच वर्णन दिसतं: ‘लोकल ओव्हरप्रिंट, अतिदुर्मिळ, न वापरलेलं, उत्तम स्थिती’. सोबत तिकिटाच्या दर्शनी बाजूचा एक फोटो. हे ओव्हरप्रिंट, म्हणजे आधीच छापलेल्या तिकिटावर नंतर उमटवलेली अक्षरं, छापखान्यात झालं की रबरी ठशाने, कोणत्या गावात, साधारण कोणत्या महिन्यात, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं, याबद्दल अवाक्षर नसतं. किंमत मात्र ठळक अक्षरांत असते.

युद्ध संपतं त्या दिवशी सरहद्द ठरत नाही. ती ठरेपर्यंत महिने जातात, कधी वर्षं. पत्रं तर रोज जायलाच हवीत. टपाल कचेरीच्या कपाटात जुन्या राजवटीची तिकिटं गठ्ठ्यांनी पडलेली असतात, नवी छापायला वेळही नसतो आणि छापखानाही. मग जुन्याच तिकिटावर नवं नाव उमटवून काम भागवलं जातं. या निकडीतून जे निर्माण झालं, ते आज तुम्ही विकता आणि आम्ही घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ओव्हरप्रिंट हा तिकिटाने स्वतःबद्दल केलेला दावा असतो, आणि तो तपासायची साधनं ओव्हरप्रिंटच्या बाहेर असतात: शिक्क्यात, पाकिटात, तिकिटाच्या पाठीवर, कडेच्या दात्यांच्या तंतूंत. सातबाऱ्यावर कुणी पेनाने नाव लिहिलं म्हणून जमीन त्याची होत नाही, फेरफाराची नोंद पाहावी लागते. तुमच्या वर्णनांत नेमका फेरफार गायब असतो.

फ्युमेचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धापर्यंत हे एड्रिॲटिकवरचं बंदर हंगेरीकडे होतं. साम्राज्य कोसळलं, इटली आणि नवं युगोस्लाव्ह राज्य दोघेही त्यावर हक्क सांगू लागले, आणि डिसेंबर १९१८ मध्ये गव्हाची कापणी आणि बुडापेस्टचं संसदभवन ही चित्रं असलेल्या हंगेरियन तिकिटांवर ‘फ्युमे’ हा शब्द छापला गेला. पुढच्या वर्षी १२ सप्टेंबरला इटालियन कवी दानुन्झिओ आपल्या सैनिकांसह शहरात शिरला. १९२० च्या रापालो तहाने ते स्वतंत्र संस्थान झालं, १९२४ मध्ये इटलीत गेलं, आणि आज क्रोएशियात रियेका म्हणून आहे. हा इतिहास तुम्ही याद्यांत छान लिहिता. पण संग्राहकाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. फ्युमेचं ओव्हरप्रिंट दोन तऱ्हांनी झालं: काही यंत्रावर, काही हातठशाने एकेक करून. एकाच तिकिटाच्या या दोन प्रकारांच्या किमतींत कॅटलॉगमध्ये मोठी तफावत असते. कोणता प्रकार हे न सांगता ‘फ्युमे, १९१८’ एवढंच लिहिणं म्हणजे सदनिका विकताना मजला न सांगण्यातला प्रकार झाला.

आणि बनवेगिरी इथे सोपी का, तेही लक्षात घ्या. हंगेरीचं ते कापणीचं तिकीट अफाट संख्येने छापलं गेलं होतं. आजही ते कवडीमोलाने मिळतं. म्हणजे मूळ माल अस्सल, कागद अस्सल, गोंद अस्सल, दाते अस्सल. बनावट असतात ती फक्त काही अक्षरं. आराडला फ्रेंच फौजांच्या ताब्यातल्या काळातली, देब्रेत्सेनला रोमानियाच्या ताब्यातली, बरान्याची, सेगेदची, १९१९ ची ही सगळी ओव्हरप्रिंटं याच स्वस्त हंगेरियन तिकिटांवर आहेत. त्यातली काही तेव्हाही टपालापेक्षा तिकीट-व्यापाऱ्यांच्या गिऱ्हाइकीसाठीच जास्त छापली गेली. अशा मालाला तुम्ही डोळे मिटून ‘दुर्मिळ’ म्हणता तेव्हा नक्की काय दुर्मिळ आहे, हा प्रश्न पडतो.

टेशनची गोष्ट वेगळी आहे. कोळसा आणि रेल्वेमार्ग असलेल्या या चिमुकल्या मुलखासाठी पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया जानेवारी १९१९ मध्ये आठवडाभर लढले. मग सार्वमताची घोषणा झाली आणि दोन्ही देशांच्या तिकिटांवर ‘एस ओ १९२०’ (पूर्व सायलेशियाच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं) अशी अक्षरं उमटली. त्यातली चेक तिकिटं म्हणजे आल्फोन्स मुखाने काढलेलं प्रागच्या किल्ल्याचं सुंदर चित्र. सार्वमत कधी झालंच नाही. २८ जुलै १९२० रोजी राजदूतांच्या परिषदेने ओल्झा नदीच्या काठाने रेघ मारली आणि खुद्द टेशन शहराचेही दोन तुकडे झाले. गोष्ट नाट्यमय आहे, पण या मालिकेतली बहुतेक तिकिटं आजही सहज मिळतात. त्याच वर्षी व्हिल्नियस पोलिश जनरल झेलिगोव्स्कीने घेतल्यावर तिथे लिथुआनियाच्या तिकिटांवर झालेलं ‘मध्य लिथुआनिया’चं ओव्हरप्रिंट मात्र खरोखर थोड्या साठ्यावर झालं, आणि म्हणूनच त्याच्या नकला पुष्कळ. तुमच्या यादीत दोन्ही एकाच विशेषणाखाली येतात.

आता आपल्याजवळची गोष्ट. मी नाशिकरोडचा, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तान झालं तेव्हा त्याच्याकडे तिकिटं छापायची सोय नव्हती. सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे सहाव्या जॉर्जची भारतीय तिकिटं जशीच्या तशी चालली. १ ऑक्टोबर १९४७ पासून जी पाकिस्तानची तिकिटं विकली जाऊ लागली, त्यांच्यावरची अक्षरं नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली होती. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं साडेतीन आण्याचं, २१ नोव्हेंबरला आलं. म्हणजे स्वतःच्या देशाचं नवं तिकीट बाजारात येण्याआधीच नाशिकची यंत्रं शेजाऱ्याचं नाव छापून मोकळी झाली होती. या एका गोष्टीवर नाशिकमध्ये खरं तर एक प्रदर्शन व्हायला हवं.

नाशिकच्या मालिकेत तीन पैपासून पंचवीस रुपयांपर्यंत १९ तिकिटं आहेत. छपाई लिथोची, शाई काळी, अक्षरं सपाट आणि रेखीव. छोट्या तिकिटांसाठी एक आकार, मोठ्या आणि रुपयांच्या तिकिटांसाठी दुसरा. लिथोमध्ये खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) कागदावर दाबले जात नाहीत, त्यामुळे तिकीट उलटून तिरप्या उजेडात धरलं तर पाठीवर अक्षरांचे उठाव दिसत नाहीत. उठाव दिसले तर ते खिळ्यांच्या छापखान्यात झालेलं काम आहे. मग ते कराची-ढाक्याकडचं खरं लोकल असेल किंवा कालपरवाचं असेल, पण नाशिकचं नाही. माझ्या पाहण्यात तुमच्याकडची कित्येक ‘नाशिक ओव्हरप्रिंट’ अशी आहेत की पाठीवर अक्षरं बोटाला लागतात.

लोकल ओव्हरप्रिंट हा वेगळाच पसारा आहे. नाशिकचा माल सगळीकडे वेळेत आणि पुरेसा पोहोचेना, म्हणून प्रांतिक सरकारं, जिल्ह्यांचे मुख्य टपालमास्तर आणि साधे गावचे टपालमास्तर यांनी आपापल्या अधिकारात ठसे करून घेतले. काही ठिकाणी छापखान्यात खिळे जुळवून शीटच्या शीट छापली, काही ठिकाणी रबराचे, धातूचे, लाकडाचे ठसे मारले, काही ठिकाणी चक्क हाताने लिहिलं. रंग, आकार, वळण सगळं वेगवेगळं. स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश पेढीच्या कॅटलॉगनेही या प्रकारांची तपशीलवार यादी न देता ते अस्तित्वात आहेत आणि अभ्यासण्याजोगे आहेत एवढ्यावरच सोडलं आहे. ज्याची यादीच नाही, त्यात बनवेगिरीला मोकळं रान मिळणारच. ‘कॅटलॉगमध्ये नाही, म्हणजे किती दुर्मिळ बघा!’ असं वाक्य मी तुमच्यापैकी काहींच्या तोंडून ऐकलं आहे. कॅटलॉगमध्ये नसणं हे दुर्मिळपणाचं प्रमाणपत्र कधीपासून झालं?

या पसाऱ्यातही काही खुंट्या पक्क्या आहेत. सव्वा आण्याचं, म्हणजे एक आणा तीन पैचं तिकीट नाशिकच्या त्या १९ मध्ये नाही. त्यावर पाकिस्तान छापलेलं दिसलं तर ते लोकलच असू शकतं. तरीही सव्वा आण्याचं तिकीट नाशिकच्या नावावर खपवलेलं मी पाहिलं आहे. विकणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याने पडताळा केला नव्हता, एवढंच.

दुसरी खुंटी शिक्क्याची. वापरलेल्या तिकिटावर दोन छापे असतात: आधी ओव्हरप्रिंट, मग टपालाचा शिक्का. शिक्का खाली आणि पाकिस्तान वर असेल तर कुणीतरी जॉर्जचं वापरलेलं, रद्दीच्या भावाचं तिकीट घेऊन त्यावर नंतर नाव उमटवलं आहे. पण इथे घाई नको. तेलकट दाट शाई खाली असली तरी साध्या भिंगातून वर असल्यासारखी भासते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, आणि किंमत मोठी असेल तर वेगवेगळ्या प्रकाशलहरींत शाई तपासणारी यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्या तज्ज्ञ समितीकडे पाठवावं. अवरक्त प्रकाशात एक काळी शाई दिसेनाशी होते आणि दुसरी तशीच राहते, मग कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवायला मदत होते.

शिक्क्यातला मजकूरही वाचायचा असतो, आणि हे तर घरबसल्या होतं. नाशिकच्या ओव्हरप्रिंटवर ऑगस्ट १९४७ ची तारीख असेल तर तारीख तरी खोटी किंवा छाप तरी. शिक्क्यावर अमृतसर किंवा नागपूर असेल तर पाकिस्तानचं तिकीट तिथे काय करत होतं, याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायला हवं. आणि पाकीट असेल तर दर जुळवून पाहावा. त्या वेळी अंतर्देशीय साध्या पत्राला दीड आणा पडत असे. साध्या पत्रावर पाच वेगवेगळ्या किमतींची, प्रत्येकी वेगळ्या ठशाची तिकिटं ओळीने चिकटवलेली असतील तर ते पत्र संग्राहकाने संग्राहकासाठी पाठवलेलं आहे. खोटं नव्हे, पण त्याची किंमत वेगळी असते आणि ते लिहायला हवं.

दात्यांबद्दल थोडंसं, कारण हे फारसं कुणी पाहत नाही. शीट छापून मग तिकीट फाडलं असेल तर छाप आणि कागद एकत्र फाटतात. पण सुट्या तिकिटावर ठसा मारला असेल आणि अक्षर कडेपर्यंत गेलं असेल, तर शाई दात्यांच्या टोकावरच्या मोकळ्या तंतूंत उतरते. भिंगाखाली ते स्पष्ट दिसतं. टपालमास्तरने काउंटरवर सुट्या तिकिटावर ठसा मारला असण्याची शक्यता असतेच, म्हणून हातठशाच्या बाबतीत हा पुरावा एकटा पुरत नाही. पण ‘छापखान्यातलं शीट’ म्हणून जे विकलं जातं, त्यात हे दिसलं तर विषय संपला. तसंच शीटचं: खिळे जुळवून छापलेल्या शीटमध्ये प्रत्येक जागच्या अक्षराला स्वतःची खोड असते, कुठे आडवी रेघ तुटलेली, कुठे एक अक्षर खाली घसरलेलं. चार सलग तिकिटांवर तीच खोड हुबेहूब त्याच ठिकाणी दिसली तर ते शीट नाही, एकच ठसा चारदा मारला आहे.

अतिनील दिवा आता चारपाचशे रुपयांत मिळतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू रुळली. १९१९ चं म्हणून विकलेलं पाकीट दिव्याखाली निळसर-पांढरं झळाळलं तर पुढे बोलायचं कारण नाही. १९४७ च्या पाकिटाबद्दल संशय घ्यायलाही ते पुरेसं आहे.

तिकीट टपालात खरंच वापरलं गेलं का, हे मी इतकं का पाहतो, ते कोरियाच्या उदाहरणावरून कळेल. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांच्या पहाऱ्यासाठी भारताची तुकडी दोन्ही कोरियांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात गेली. तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात; तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. या तुकडीसाठी भारतीय तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं देवनागरीत छापलं गेलं. अजिंठ्याचा हत्ती आणि घारापुरीची त्रिमूर्ती अशी कोरियाचं नाव अंगावर घेऊन उभी राहिली. १२ तिकिटांची ही मालिका कोरी घ्यायला गेलात तर फारशी अवघड नाही. पण तिथल्या फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं, एखाद्या जवानाने घरी पाठवलेलं खरंखुरं पत्र शोधून दाखवा. सातारा-कोल्हापूरकडच्या जुन्या ट्रंकांत ती पत्रं असतील, आणि ती विकायला आणणाऱ्याला ‘पाकीट मळलंय, तिकीट तेवढं सोडवून द्या’ असं सांगणारा विक्रेता मी स्वतः पाहिला आहे. नाव घेत नाही. पण असं सोडवलेलं प्रत्येक तिकीट कोऱ्या तिकिटाइतकंच मुकं होतं, आणि वर त्याची किंमतही घटते. हा व्यवहाराच्या दृष्टीनेही गाढवपणा आहे.

१९७१ बद्दल थोडक्यात. डिसेंबरमध्ये बांगलादेश मुक्त झाल्यावर तिथल्या टपाल कचेऱ्यांनी पाकिस्तानी तिकिटांवर बंगालीत आणि इंग्रजीत आपापले ठसे मारले. प्रकार इतके की मोजदाद अवघड, आणि बनावट त्याहून जास्त. सुटी, कोरी, सुबक ठशाची बांगलादेश ओव्हरप्रिंटं पाकिटाशिवाय मी घेतच नाही, आणि नवख्या संग्राहकांनीही घेऊ नयेत असं सांगतो. लंडनमध्ये छापून २९ जुलै १९७१ ला प्रकाशित झालेली आठ तिकिटांची मालिका वेगळी, तिची नोंद व्यवस्थित आहे. त्याच सुमारास, १५ नोव्हेंबर १९७१ पासून, भारतात निर्वासितांसाठी पाच पैशांचा जादा आकार लागला. कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ छापलं गेलं, आणि हा साठा पोहोचेपर्यंत बंगळूर, जयपूर, दिल्ली, गोवा अशा ठिकाणी स्थानिक ओव्हरप्रिंटं झाली. गोव्याचं ओव्हरप्रिंट असलेली व्यावसायिक पत्रं पणजी-मडगावच्या जुन्या पेढ्यांच्या फायलींत अजून सापडू शकतात. इथे विक्रेत्यांना मोठी संधी आहे, पण ती फाइल शाबूत राहिली तर.

तेव्हा विनंती अशी. ओव्हरप्रिंट असलेल्या प्रत्येक तिकिटाच्या पाठीचा फोटो द्या, तिरप्या उजेडात काढलेला. यंत्रछाप, हातठसा की हस्तलिखित ते लिहा, आणि ठरवता येत नसेल तर ‘ठरवता आलं नाही’ असं लिहा. त्याने तुमची पत घटत नाही, माझ्यासारख्या गिऱ्हाइकाच्या नजरेत ती वाढते. एका विशिष्ट किमतीच्या वर, तज्ज्ञ समितीचं मत येईपर्यंत माल परत घ्यायची लेखी हमी द्या. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची समिती एकोणिसाव्या शतकापासून हे काम करते, आणि तीसुद्धा कधी कधी ‘मत देता येत नाही’ असं कळवते. असं उत्तर आलं तर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू नका, पैसे परत करा. पाकिटं फोडू नका. आणि प्रमाणपत्र म्हणून स्वतःच्याच दुकानाचा शिक्का मारून देणं बंद करा. माल विकणाऱ्यानेच त्याच्या खरेपणाची ग्वाही देणं कोणत्याच धंद्यात चालत नाही, इथे का चालावं?

एक काम आपण एकत्र करू शकतो. नाशिकच्या १९ तिकिटांची निःसंशय खरी उदाहरणं, दोन्ही बाजूंनी, मोठ्या आकारात स्कॅन करून सर्वांना मोफत पाहता येतील अशी ठेवू. महाराष्ट्रातल्या संग्राहक मंडळांकडे आणि तुमच्यापैकी जुन्या पेढ्यांकडे मिळून हा संच नक्की पुरा होईल. माझ्याकडची तिकिटं मी द्यायला तयार आहे. रुपयांच्या मोठ्या किमती माझ्याकडे नाहीत. पंधरा आणि पंचवीस रुपयांची ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुढे यावं. लोकल ओव्हरप्रिंटांचं त्यानंतर बघू, त्याला पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या अभ्यासकांची साथ लागेल.

पुढच्या लिलावाच्या यादीत सव्वा आण्याचं तिकीट पुन्हा दिसलं तर मी पाठीचा फोटो मागणार आहे. तो आणि खऱ्या ठिकाणाचं नाव मिळालं, तर बोली लावीन.

आपला,
नाशिकरोडचा एक जुना गिऱ्हाईक